वर्गणी, अनुदान आणि वाचनालय



वसंत व्याख्यानमालेत वाचनालयावर बोलणे म्हणजे यजमानाच्या ओसरीवर बसून यजमानालाच त्याच्या घराण्याचा इतिहास सांगण्यासारखे आहे. ज्या गावी अशी माला चालते, त्या गावी बहुधा मांडव तरी वाचनालयाच्या अंगणात पडतो, नाही तर सतरंज्या, खुर्च्या आणि पाण्याचा माठ तरी वाचनालयाचा असतो. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ऋतू निवडताना काव्यापेक्षा सोय अधिक पाहिली असावी असे आम्हांस वाटते. उन्हाळ्यात शाळांना आणि कचेऱ्यांना सुटी. शिक्षक मोकळे, वकील मोकळे. बोलणारे तेच आणि ऐकणारेही पुष्कळसे तेच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र हा वसंत नावापुरताच असतो. दिवे लागून भिंती निवाल्याशिवाय व्याख्यान सुरू करण्याची छाती येथे कोणाला होत नाही, आणि आजही झालेली नाही.

आजचा विषय सार्वजनिक वाचनालयाचा इतिहास असा छापला आहे. इतिहास म्हटला की संस्थापकांच्या तसबिरी, इमारतीची कोनशिला आणि ग्रंथसंख्येचे आकडे डोळ्यांपुढे येतात. आम्ही त्या वाटेने जाणार नाही. आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे आणि तो अगदी व्यवहारी आहे: वाचनालयाचा खर्च आजवर कोणी केला? ज्याने खर्च केला त्याचे वाचनालय झाले, आणि ज्याने हात आखडता घेतला त्याचे राहिले नाही, असे या इतिहासात वारंवार दिसते.

महाराष्ट्रातले सर्वांत जुने वाचनालय रत्नागिरीचे. ते १८२८ सालचे. त्यानंतर १८३८ साली अहमदनगर, १८४० साली नाशिक, १८४८ साली पुणे, १८५० च्या सुमारास ठाणे आणि कोल्हापूर. नावे पाहावीत तर पुष्कळ ठिकाणी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. या नावातच त्या काळाची समाजरचना आहे. साहेबलोकांची पुस्तके छावणीत आणि क्लबात असत. ‘नेटिव्हां’साठी ही निराळी सोय. ती करताना पुढाकार अनेकदा जज्ज किंवा कलेक्टर यांचा असे आणि वर्गणी गावच्या इनामदार-सरदारांची व सरकारी नोकरांची. पुण्याच्या वाचनालयामागे लोकहितवादींची खटपट होती. ‘शतपत्रे’ लिहिण्याचा आणि वाचनालय काढण्याचा उद्योग एकाच माणसाने एकाच सुमारास केला, यात आश्चर्य नाही. आपले लोक वाचीत नाहीत ही तक्रार ‘प्रभाकर’ पत्रात लिहून मोकळे होणे सोपे होते. पुस्तकांचे कपाट उभे करणे त्याहून किती कठीण, हे ज्यांनी कधी वर्गणीची पावतीपुस्तके काखेत मारून गावात फेरी घातली आहे त्यांनाच कळेल.

आपल्या वऱ्हाडात ही चाल एका पिढीने उशिरा आली. कारणे उघड आहेत. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, तो कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी. त्यापुढची काही वर्षे जमाबंदी आणि हद्दी ठरविण्यातच गेली. आपल्या जिल्ह्याचे आरंभीचे नावही यवतमाळ नव्हते. १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, नाव वणीचे आणि ठाणे यवतमाळचे. (वणीकर आणि यवतमाळकर यांच्यातल्या प्रेमळ चुरशीचे मूळ येथे शोधण्याचा मोह आम्ही आवरतो.) शाळा आल्या, मग शाळामास्तर आले. कचेरी आली, मग वकील आले. हे दोन वर्ग येईपर्यंत गावात वाचनालय निघत नाही, असा जणू नियमच आहे.

तिसरी गोष्ट आगगाडी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली. परंतु ती मुख्य वाट यवतमाळला बाजूला ठेवून गेली. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची, ११३ किलोमीटरची फाटा-गाडी आली; आपण सर्व तिला ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो. ती मुळात कापसाच्या गाठी नेण्यासाठी होती. पण गाठी जेथून जातात तेथून टपालही येते, आणि टपालात ‘केसरी’ असे. १८८१ साली निघालेले हे पत्र ज्या दिवशी गावात पोहोचे त्या दिवशी वाचनालयातल्या बाकांना जागा पुरत नसे. एकाने मोठ्याने वाचावे आणि दहांनी ऐकावे. सभासदांच्या यादीत त्या दहांची नावे नाहीत. म्हणून जुन्या वाचनालयाची वाचकसंख्या तिच्या नोंदवहीवरून मोजू नये.

नोंदवही आणखी एका बाबतीत फसविते. सभासद म्हणून नाव असे घरच्या कर्त्या पुरुषाचे. पुस्तक वाचणारी असे त्याची पत्नी, बहीण किंवा विधवा आत्या. पुस्तक बदलून आणण्याचे काम घरातल्या शाळकरी मुलाकडे. आम्ही स्वतः ते काम काही वर्षे केले आहे. चिठ्ठीवर पाच नावे लिहून दिलेली असत. त्यांतले एकही जागेवर नसे. मग ग्रंथपाल आपल्या मनाने एखादे पुस्तक काढून देत आणि म्हणत, “हे ने. मावशींना सांग, शेवट चांगला आहे.” वाचणाऱ्या मावशींना त्यांनी कधी पाहिलेले नव्हते, पण तिची आवड त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होती. वाचनालयाच्या इतिहासात असल्या वाचकांची नावे कोठेही लागत नाहीत. ‘मनोरंजन’ १८९५ साली निघाले, ‘स्त्री’ १९३० साली. ही मासिके महाराष्ट्रभर जी पसरली ती मुख्यतः अशा, यादीत नसलेल्या वाचकांच्या बळावर, असे आमचे मत आहे.

आता वकिलांकडे वळू. या जिल्ह्यात सार्वजनिक कार्याचा विषय लोकनायक बापूजी अणे यांना वगळून बोलताच येत नाही. वणीला १८८० साली जन्मलेला हा माणूस यवतमाळला वकिली करी, टिळकांचा अनुयायी होता, १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून तुरुंगात गेला आणि पुढे बिहारचा राज्यपाल झाला. हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२८ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान त्याला मिळाले होते आणि टिळकांवर त्याने संस्कृतात महाकाव्य रचले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? त्या पिढीत राजकारणी निराळा आणि वाचणारा निराळा अशी वाटणी झालेली नव्हती. सकाळी न्यायालय, संध्याकाळी वाचनालय आणि रात्री सभा, आणि तिन्ही ठिकाणी माणसे तीच.

दुसरे नाव सांगावयाचे ते आज कमी ऐकू येते म्हणून अधिक आवर्जून सांगतो: यशवंत खुशाल देशपांडे. हेही यवतमाळचे वकील. त्यांचे मन मात्र जुन्या पोथ्यांत. यासाठी थोडे मागे जावे लागेल. महानुभाव पंथाचे वाङ्मय तेराव्या शतकापासूनचे, म्हणजे मराठी गद्याच्या अगदी आरंभाचे. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हे त्याचे शिखर. पण हे वाङ्मय शेकडो वर्षे मठांत राहिले, आणि पुष्कळसे ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिलेले होते. अक्षरे मराठीचीच, पण एकाच्या जागी दुसरे. ज्याला किल्ली ठाऊक त्यानेच वाचावे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनी या वाङ्मयाला मराठी साहित्याच्या इतिहासात जागा दिली, आणि आपल्या देशपांड्यांनी १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ सिद्ध केला. यवतमाळला त्यांनी ‘शारदाश्रम’ ही संस्था उभी केली, पोथ्या जमविल्या, त्या जपल्या, अभ्यासकांना दाखविल्या. विद्यापीठाचा आधार नाही, संस्थानिकाचा आश्रय नाही, एका जिल्ह्याच्या गावी वकिली करता करता हा उद्योग चालला होता.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या भाव्यांनी महानुभाव वाङ्मय लोकांपुढे आणण्यास हातभार लावला, त्याच भाव्यांनी १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय काढले होते. तोवरच्या वाचनालयांत इंग्रजी ग्रंथांना मान आणि मराठीला बाजूचे कपाट. मराठी पुस्तकांसाठीच ग्रंथालय ही कल्पना तेव्हा नवी होती; पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईलाही मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. कुलूपबंद पोथी उघडणारा आणि वाचनालयाचे दार उघडणारा माणूस एकच असावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दोन्ही ठिकाणी धडपड एकच होती: जे मूठभरांच्या हातात आहे ते सर्वांच्या हातात जावे.

परंतु ‘सर्वांच्या’ म्हणजे कोणाच्या? ‘सार्वजनिक’ हा शब्द आपण पाटीवर रंगवितो, तो मोठा बोलका आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा त्याचा अर्थ सरकारपुढे गाऱ्हाणे मांडणारे प्रतिष्ठित नागरिक, असा काहीसा होता. १८९१ साली, म्हणजे जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून निघाले. तेथे त्याच शब्दाचा अर्थ एकदम सर्व स्त्रीपुरुष असा होतो. एकवीस वर्षांत एक शब्द किती मैल चालला! पाटीवरचा शब्द मात्र तितका चालला नव्हता. वर्गणी हीच एक भिंत होती. ज्याला रोजच्या मजुरीवर घर चालवावयाचे आहे तो अनामत आणि वर्गणी कोठून भरणार? आणि ज्या काळी पाणवठा सर्वांना खुला नव्हता त्या काळी वाचनालयाचा बाक सर्वांना खुला असेल, असे मानण्याचा भाबडेपणा आपण करू नये. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये काढणे हेही होते. गावोगाव ‘सार्वजनिक’ वाचनालये असताना हे कलम का घालावे लागले, याचे उत्तर त्या कलमातच आहे.

म्हणजे वर्गणीने वाचनालय निर्माण केले आणि वर्गणीनेच त्याला कुंपणही घातले. हे दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकदम ध्यानात ठेवले पाहिजे.

हे कुंपण काढण्याचे दोन मार्ग आपल्या देशात योजले गेले. पहिला बडोद्याचा. सयाजीराव महाराज हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९०६ साली त्यांनी राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लागलीच त्यांच्या लक्षात आले की, लिहायला-वाचायला शिकलेल्या मुलाच्या हाती पुस्तक पडले नाही तर चारसहा वर्षांत तो पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ आणविला आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यातली आम्हांस सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे खर्चाची वाटणी. खेड्यातल्या लोकांनी एक हिस्सा जमवावा, पंचायतीने एक हिस्सा द्यावा, सरकारने एक हिस्सा घालावा. लोकांनी जमविले नाही तर सरकारचा पैसा नाही; लोकांनी जमविले तर सरकारला नाही म्हणण्याची सोय नाही. जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत.

दुसरा मार्ग मद्रासचा. तेथे रंगनाथन यांच्यासारखा ग्रंथालयशास्त्राचा आचार्य वीस वर्षे पाठीस लागला आणि १९४८ साली मद्रास राज्याने कायदा केला. घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर वसूल करावयाचा आणि त्यावर ग्रंथालये चालवावयाची. रस्ता आणि दिवा जसा कराच्या पैशाने होतो तसे ग्रंथालय. तेथे वर्गणीची भिंतच उरत नाही.

महाराष्ट्राची गोष्ट अधिक गुंतागुंतीची झाली, कारण येथे तीन घरचे पाहुणे एका छपराखाली आले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयाचा कायदा करून देशात पहिला मान मिळविला होता. मुंबई राज्यात फैजी समितीच्या योजनेप्रमाणे अनुदाने चालू होती. मराठवाड्याला हैदराबादचा १९५५ चा कायदा होता. आणि आपण विदर्भवासी मध्य प्रदेशातून १९५६ साली द्वैभाषिक मुंबईत आलो, ते हाती कोणताच कायदा नसताना. शेवटी १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला आणि १९६८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्या वेळी मुख्यमंत्री कोण होते? आपल्याच जिल्ह्यातल्या गहुलीचे, पुसदला वकिली केलेले आणि तेथील नगराध्यक्षपद भूषविलेले वसंतराव नाईक. जिल्ह्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त वाचनालयाचा जन्मदाखला या अर्थाने आपल्याच माणसाच्या कारकिर्दीतला आहे.

या कायद्याने मद्रासची वाट धरली नाही. ग्रंथालयासाठी कर बसविला नाही. सरकारने दरवर्षी निदान पंचवीस लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत असे ठरविले आणि वाचनालये मात्र होती तशी लोकांच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या संस्थांच्या ताब्यात ठेवली. इमारत संस्थेची, पुस्तके संस्थेची, कार्यकारी मंडळ सभासदांनी निवडलेले. सरकार फक्त वर्ग ठरवून अनुदान देणार. जिल्हा आणि तालुका ग्रंथालये निराळी. बाकीची अ, ब, क, ड अशा पायऱ्यांवर. वाचनकक्ष सर्वांना मुक्त.

या निर्णयावर टीका करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. कर असता तर पैसा हक्काचा झाला असता. तरीही आमचे मत असे की, १९६७ साली जे ठरले त्यात लोकांवर विश्वास होता. गावाने शंभर वर्षे खस्ता खाऊन उभी केलेली संस्था सरकारी खात्याच्या पोटात टाकावयाची नाही, हा विचार योग्य होता. चूक पुढे झाली, आणि ती दोन्ही बाजूंनी झाली.

सरकारची चूक अशी की, वाचनालय चालविणारा माणूसही पोटाला खातो हे विसरले गेले. आकडा सांगितल्याशिवाय याची कल्पना येणार नाही. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षे वर्षाचे तीस हजार रुपये अनुदान होते. त्यातले निम्मे वेतनासाठी. म्हणजे वर्षाला पंधरा हजार, महिन्याला साडेबाराशे. रोजचे बेचाळीस रुपयेही पडत नाहीत! या पगारात त्याने दार उघडावे, झाडलोट करावी, वर्तमानपत्रे लावावीत, पुस्तकांची देवघेव करावी, नोंदी ठेवाव्यात, वाळवीवर लक्ष ठेवावे आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे सर्व रकाने भरलेले दाखवावेत. २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली. त्या हिशेबाने ते साडेबाराशे दोन हजारांवर गेले. खेड्यापाड्यांतले पुष्कळ ग्रंथपाल म्हणूनच संध्याकाळचे ग्रंथपाल असतात. दिवसा ते दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितात, नाही तर शेतावर असतात. तरीही संध्याकाळी ते दार उघडतात. आपण त्यांच्याविषयी व्याख्याने देतो, हीच काय ती आपली कामगिरी.

२०१२ साली राज्यातल्या सर्व वाचनालयांची महसूल खात्याकडून पडताळणी झाली. मान्यताप्राप्त वाचनालयांचा आकडा तेव्हा बारा हजारांवर गेला होता आणि त्यांत कागदावरची वाचनालयेही होती, हे कोणी नाकारू नये. पाटी आहे पण कपाट नाही, कपाट आहे पण किल्ली सरपंचाच्या घरी, असे नमुने निघाले. शिक्षा झाली ती मात्र सरसकट. नव्या वाचनालयांना मान्यता देणे थांबले, आणि वरच्या वर्गात जाण्यास पात्र झालेली प्रामाणिक वाचनालयेही जागच्या जागी अडकून पडली. चोराला धरावयाचे तर सगळ्या गावाची वाट बंद करावयाची, असा हा न्याय.

आता आपली, म्हणजे लोकांची चूक. अनुदान आले आणि आपण वर्गणी मागण्याचे सोडून दिले. पूर्वी कार्यकारी मंडळातला माणूस वर्षातून एकदा तरी प्रत्येक दारी जाई. त्या निमित्ताने वाचनालयाची चौकशी होई, तक्रारी होत, पुस्तकांची नावे सुचविली जात. एखादा खडसावीही, “मागल्या वर्षीचा दिवाळी अंक अजून मिळाला नाही, पैसे कशाचे मागता?” हे खडसावणे वाचनालयाच्या प्रकृतीला फार चांगले असते. अनुदानाचा पैसा कोणाला खडसावीत नाही; तो फक्त उशिरा येतो. आणि तो उशिरा आला की वर्तमानपत्रे बंद होतात, विजेचे देयक थकते आणि वाचनालय अंधारात बसून हप्त्याची वाट पाहते. बडोद्याच्या त्या तीन हिश्शांपैकी लोकांचा हिस्सा आपण केव्हा गाळला, हे आपले आपल्यालाही कळले नाही.

वाचक उरले नाहीत, मग वर्गणी कोणाकडे मागावी, असे यावर म्हटले जाते. हे ऐकून आम्हांस थोडा राग येतो. वाचक कमी झाले म्हणून रडण्याची परंपरा वाचनालयाइतकीच जुनी आहे. एके काळी तक्रार होती की लोक वाचतात खरे, पण बाबूराव अर्णाळकर वाचतात! अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोहोचला. विद्वान मंडळी नाके मुरडीत. पण ज्या वर्गणीतून विद्वानांचे जाडे ग्रंथ विकत घेतले गेले ती वर्गणी भरणारा सभासद बहुधा झुंजारसाठी आलेला असे. जाडे ग्रंथ आजही नव्यासारखे कोरे आहेत. अर्णाळकरांची पाने विरून गेली. कोणत्या पुस्तकाने वाचनालय पोसले हे त्यावरूनच ओळखावे.

आजचा वाचकही असाच नाकारला जात आहे. कोणत्याही तालुक्याच्या वाचनालयात सकाळी जाऊन पाहावे. बाक भरलेले असतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले-मुली तेथे दिवसदिवस बसतात. घरी एक खोली, त्यात सहा माणसे. गावात पंखा, दिवा आणि शांतता एकाच जागी मिळते ती येथे. पुष्कळ जुने सभासद म्हणतात, ही काही खरी वाचणारी मुले नव्हेत, ही आपली पुस्तके घेऊन येतात आणि आपल्या जागा अडवितात. आम्हांस हे बोलणे मुळीच पटत नाही. शेतमजुराची मुलगी वाचनालयाच्या बाकावर हक्काने येऊन बसली आहे. १८९१ साली ज्या अर्थाने ‘सार्वजनिक’ हा शब्द छापला गेला त्या अर्थाने वाचनालय सार्वजनिक होण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि आपण तिला विचारतो की तू कादंबरी का वाचीत नाहीस! तिला बसू द्यावे. कंटाळा आला की ती कपाटाकडे वळेल. कपाट मात्र उघडे असले पाहिजे.

कपाटात काय आहे, हाही प्रश्न आहेच. या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे सत्तावीस लाखांवर माणसे राहतात. त्यांत बंजारा आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत. सीमेकडच्या तालुक्यांत तेलुगू ऐकू येते, गावागावांत उर्दू आहे. त्यांच्या बोलींतले, त्यांच्याविषयीचे, त्यांच्यातल्यांनी लिहिलेले किती आपल्या कपाटांत आहे? यशवंत खुशाल देशपांड्यांनी मठांतल्या पोथ्या गोळा केल्या तसे तांड्यावरचे आणि पोडावरचे वाङ्मय गोळा करणारा वकील किंवा मास्तर आज पाहिजे आहे. महानुभाव वाङ्मय शेकडो वर्षे वाट पाहू शकले, कारण ते लिहिलेले होते. तोंडी वाङ्मय इतकी वाट पाहणार नाही. ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबरोबर जाते.

यवतमाळला साहित्य संमेलन दोनदा झाले. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. २०१९ साली अरुणा ढेरे. दुसऱ्या संमेलनाआधी निमंत्रणावरून जो वाद झाला तो आपण येथे उगाळण्याचे कारण नाही. पण त्या संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हातून झाले, हे आम्ही विसरलेलो नाही. मांडव तीन दिवसांचा होता. तो उतरला, पाहुणे गेले. तिच्यासारख्या बाईच्या गावी संमेलनानंतर जे उरते ते वाचनालय, आणि तेही असले तर.

म्हणून शेवटी एक अगदी किरकोळ बाब सांगून आम्ही खाली बसतो. प्रत्येक वाचनालयाची वर्षातून एकदा वार्षिक सर्वसाधारण सभा होते. तिची सूचना फलकावर लागते. ठरल्या वेळी अध्यक्ष, चिटणीस, ग्रंथपाल आणि दोन-तीन वृद्ध सभासद जमतात. गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तो अर्धा तास ही मंडळी चहा पिण्यात घालवितात. मग जमाखर्च वाचला जातो, मंजूर होतो, आणि पुढच्या वर्षासाठी तीच मंडळी पुन्हा निवडून येतात, कारण दुसरे कोणी आलेलेच नसते. आज या मांडवात जितकी माणसे बसली आहेत त्यांच्या चौथाईनेही त्या सभेला यावे. जमाखर्चातला वर्गणीचा आकडा वाचून घ्यावा, ग्रंथपालाच्या पगाराचा आकडा मोठ्याने वाचावयास सांगावा, आणि तो ऐकून काय करावयाचे ते तेथेच ठरवावे. चहाला त्या दिवशी दूध थोडे अधिक लागेल, तेवढी वर्गणी आमच्याकडून.